तळाच्या संघाची पहिली निवड

क्रीडा पानावर काम करणाऱ्याचा वेळ मैदानावर जातो, असा समज आहे. माझा फोनवर गेला. चंद्रपूर आवृत्तीत सत्तावीस वर्षं मी तालुक्यांवरून येणारे निकाल उतरवून घेत होतो. कुठून कबड्डी, कुठून व्हॉलीबॉल, कुठून शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. गुण बहुधा बरोबर असत, नावं चुकत. उसेंडीचं हेडाऊ होई, आत्रामचं मेश्राम. मी उलटा फोन लावून प्रत्येक आडनाव तपासत असे. गुण चुकले तर वाचक विसरतात. नाव चुकलं तर सकाळी माणूस दारात उभा राहतो. एकदा भद्रावतीहून पहिल्या बसने एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाने मिळवलेले गुण आम्ही समोरच्या संघातल्या मुलाच्या नावावर छापले होते. ते भांडले नाहीत. वहीत दुरुस्ती लिहून होईपर्यंत खुर्चीवर बसले, ती वाचली, वही टेबलावर सरळ करून ठेवली आणि निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या पानावर नाव चुकलं नाही, हे मी थोड्या अभिमानाने सांगू शकतो.

निवृत्तीनंतर एक हंगाम मी बातमी देण्याऐवजी निवड करण्याचं काम केलं. त्याबद्दल लिहायचं आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत कबड्डीची एक लीग सुरू झाली होती. सहा गावांचे सहा संघ, चंद्रपूरच्या बंदिस्त सभागृहात मॅटवर सामने. खेळाडूंचा लिलाव करायचा की नाही यावर पहिल्या बैठकीत चर्चा झाली. आयोजकांमध्ये एक इंजिनिअर होते. त्यांचा भाऊ अमेरिकेत असल्याने ते तिथे जाऊन राहिले होते. लिलाव म्हणजे बैलबाजार, असं त्यांचं मत पडलं. अमेरिकेत त्यांचा एक फुटबॉल आहे, त्यात हाताने चेंडू फेकतात. त्या खेळात नव्या मुलांचा लिलाव होत नाही, संघ पाळीपाळीने निवड करतात. जो संघ गेल्या वर्षी तळाला राहिला, त्याची पाळी पहिली. त्यामुळे दुबळ्याला बळ मिळतं. सगळ्यांना ते न्याय्य वाटलं, तेव्हा नोकरीत असल्याने बातमीसाठी बसलेल्या मलाही. बातमीत मी तसंच लिहिलं.

त्या खेळाबद्दल मी नंतर वाचलं. त्यांच्या संघात एक खेळाडू असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो कुठे फेकायचा हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. समोरचे त्याला पाडायला धावतात. त्याला वाचवायला पाच आडदांड गडी पुढे उभे असतात. पहिली पाळी मिळालेला संघ बरेचदा कॉलेजातून आलेला असा एखादा पोरगा उचलतो. पण तो संघ तळाला असतो, कारण त्याचे ते पाच गडीच कच्चे असतात. सगळ्यात चांगला पोरगा सगळ्यात वाईट संघात जातो आणि शिकायच्या वयात रोज पाडला जातो. काही टिकतात. काहींचं नाव दोन-तीन वर्षांत कोणाला आठवत नाही. इंजिनिअरांनी पहिला भाग सांगितला होता. हा दुसरा भाग आम्ही कोणी विचारला नाही.

कबड्डीत तो खेळाडू म्हणजे रेडर, चढाई करणारा. तो एकटा समोरच्या सात जणांत जातो, कोणाला तरी शिवतो आणि आपल्या अंगणात परततो. पकडला गेला तर बाद होऊन बाहेर बसतो. आमच्याकडे बाद झालेल्याला ‘मेला’ म्हणतात. त्याच्या संघाने पुढचा गुण घेतला की तो ‘जिता’ होऊन आत येतो. म्हणजे रेडर मेला तर त्याला जितं करायचं काम प्रामुख्याने मागे राहिलेल्या पकडवाल्यांचं. समोरचा रेडर आला की त्याला धरायचं, गुण घ्यायचा. ते धरू शकले नाहीत, तर आपला सगळ्यात चांगला गडी बाकावर बसून सामना बघतो. हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. तरी प्रेक्षक नाव घेतात ते रेडरचं. फलकावर फोटो त्याचाच लागतो.

पहिल्या हंगामात चिठ्ठी काढून पाळ्या ठरल्या. पहिल्या निवडीचा रेडर चार सामन्यांत उघडा पडला. त्याच्याकडे उजव्या पायाने शिवायची एकच युक्ती होती, ती सगळ्यांना कळली. दुसऱ्या हंगामातल्या पहिल्या निवडीला एकोणिसाव्या वर्षी कर्णधार केलं. तो हंगामाच्या मध्यात फोन उचलेनासा झाला. शोधल्यावर वडसाच्या एका नाटक कंपनीत सापडला, खलनायकाच्या भावाचं काम करत होता. परत चल म्हणायला गेलेल्यांना तो म्हणाला, “इथी रोज मरतो, पण दुसऱ्या दिवशी जिता असतो. तुमच्याकडं तसं नाई.” हे मी हसत हसत छापलं होतं. दोन्ही वेळा लोकांनी ठरवलं की पोरगा चुकीचा निघाला. पाळीत काही चूक असेल, असं कोणी म्हणालं नाही.

तिसऱ्या हंगामाआधी मूल गावाचा संघ तळाला होता. संघाचे मालक दिवाकरभाऊ, मूलला त्यांची तांदळाची गिरणी. उमदा माणूस. सामना हरला तरी खेळाडूंना स्वतः वाढायचे. त्यांनी मला बोलावलं आणि मंडयांमध्ये फिरून पोरं बघायला सांगितलं. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि कबड्डी, रात्री नाटक. धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, तणीस आणि कोंडा पसरून मैदान करतात. मी पाच आठवडे हिंडलो. रेडर कोणत्या पायावर सुरू करतो, दम किती, घाबरला की कुठे बघतो, हे सगळं मी वहीत लिहिलं.

तिथे निकेश मारबते दिसला. वय एकोणीस, सावली तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावातला. घरी ढिवराचा धंदा, म्हणजे तलावातली मासेमारी, आणि हंगामात रोवणी-कापणीची मजुरी. वडील नव्हते. अंगाने बारीक, पण पाण्यात वाढलेला दम. तो नऊ सामने खेळताना मी पाहिला. नवापैकी नऊ त्याच्या संघाने जिंकले. धरलेला पाय तो कसा सोडवून घेतो हे मला तीन वेळा नीट दिसलं नाही. सत्तावीस वर्षांत असं क्वचित झालं होतं.

मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई मंदाबाई दारात जाळं विणत बसली होती. तिने आधी मला कोणत्या पेपरातले ते विचारलं, मग हात धुऊन चहा ठेवला. पोरगा दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे तलावाच्या बांधावर धावायचा. सोळाशे मीटरची वेळ त्याला पाठ होती. गावातले दोघे आधीच्या भरतीत लागले होते. त्यांची घरं आता स्लॅबची होती, ती तिने मला दारातूनच दाखवली.

“खेळ त खेळ आहे, भाऊ,” ती म्हणाली. “हा भरतीत लागला पायजे. बाकी मले काई नाई पायजे.”

लीग फेब्रुवारीत संपते, भरती उन्हाळ्यात आहे, मधे वेळ मिळतो, असं मी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“पायाले काई होत नाई ना जी?”

“बाई, त्याला कोणी धरूच शकत नाही,” मी म्हणालो.

निकेश खांबाला टेकून उभा होता. तो हसला. आईने मान हलवली. पेपरात काम केलेल्या माणसाचं बोलणं होतं.

निवडीच्या आदल्या दिवशी गिरणीच्या कचेरीत बैठक झाली. आम्ही तिघे होतो: दिवाकरभाऊ, मी आणि प्रशिक्षक बोरकुटे सर. बोरकुटे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झाले होते. कमी बोलत. त्यांना पहिल्या पाळीत विलास नावाचा डावा कोपरा हवा होता. कोपरा म्हणजे पकडीच्या रांगेतला टोकाचा गडी, आलेल्या रेडरचा घोटा धरणारा. विलास एटापल्लीकडचा, सूरजागडच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक धुवायचा. त्याने घोटा धरला की सुटत नाही, असं सरांचं म्हणणं होतं.

“पहिली पाळी मिळाली अन कोपरा घेऊ?” दिवाकरभाऊ म्हणाले. “लोक हासन ना, सर. नवरदेव सोडून करवला आनला म्हनन.”

सर हसले नाहीत. ते म्हणाले की निकेश चांगला आहेच, दुसऱ्या पाळीपर्यंत उरला तर घ्या, आणि घेतलाच तर यंदा खेळवू नका. “एक साल माह्याजवळ बसू द्या त्याले. आपल्या पोराईले धरता येत नाई. हा मेला का बसूनच राहीन.”

दिवाकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी सांगा. तुमचं लिवलेलं कदी चुकत नाई. यंदाच खेळते का नाई हा?”

“खेळेल,” मी म्हणालो.

सरांनी चष्मा पुसला आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात पहिलं नाव निकेश मारबते पुकारलं गेलं. आमच्या लगेच मागची पाळी एटापल्ली संघाची होती. त्यांनी विलासला घेतलं. आठवड्यात मूलच्या बसस्थानकासमोर निकेशचा फलक लागला. त्यात तो हवेत होता.

पहिल्या सामन्यात त्याने अकरा गुण घेतले. आम्ही हरलो. दुसऱ्यात नऊ, हरलो. तिसऱ्या सामन्यात मी सवयीने घड्याळ लावलं. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो सतरा मिनिटं बाकावर होता. एकदा बाद झाला की आमच्या पोरांना समोरचा रेडर धरता येत नव्हता. ते हात लावायला जात आणि स्वतः बाद होऊन त्याच्या शेजारी येऊन बसत. बाकावर एकदा पाच जण होते. निकेश गुडघ्यावर कोपरं टेकून मॅटकडे बघत होता.

“इथी मेलो का कोणी जितं करत नाई, भाऊ,” तो मला म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. त्याला ते नवीन होतं.

चौथ्या सामन्यापासून त्याचा खेळ बदलला. एकाला शिवून परत यायचं तिथे तो दोघांना शिवायला थांबू लागला, कारण पुन्हा आत यायला मिळेल याची खात्री नव्हती. मॅटवर बूट घालून खेळायची सवय नव्हती, वळताना पाय मॅटला धरून राहायचा. बोरकुटे सरांनी त्याला दोन सामने बाहेर ठेवायचा विषय काढला. निकेशलाच ते पटलं नाही. दिवाकरभाऊंनी सभागृहात भरलेल्या मूलच्या लोकांकडे बोट दाखवलं. मी तिथे होतो. मला कोणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही.

सहावा सामना एटापल्लीशी होता. आमच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. अशा वेळी तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. निकेश गेला. एकाला शिवला, परत फिरण्याऐवजी डावीकडे आणखी एक पाऊल टाकलं. तिथे विलास होता. त्याने घोटा धरला. निकेश सुटायला वळला, बूट मॅटवर घट्ट राहिला आणि वरून दोघे जण पडले. पकड नियमात होती. आवाज मला सहाव्या रांगेत ऐकू आला.

विलास सामना संपल्यावर आमच्या खोलीत आला. बर्फाची पिशवी त्याने दुसऱ्याच्या हातातून घेतली आणि निकेशच्या गुडघ्यावर धरून बसला. “म्या सोडला होता,” तो म्हणत राहिला. “त्यानं आवाज केला तवाच सोडला.” निकेशने त्याला सांगितलं, “चांगली धरली होती बे.”

नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. शस्त्रक्रिया, मग नऊ महिने. दिवाकरभाऊंनी गाडी दिली, स्वतः सोबत आले, शस्त्रक्रियेची व्यवस्था करायलाही तयार होते. पण भरती चार महिन्यांवर होती. शस्त्रक्रिया केली तर भरती जाते. न करता पट्टी बांधून, व्यायाम करून धावता येईल का, हे निकेशने विचारलं. धावता येईल, पण धावू नये, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने धावता येईल एवढंच ऐकलं.

त्या आठवड्यात मी मंडईची वही काढली. नऊ सामन्यांतली त्याची प्रत्येक चढाई त्यात होती, आणि एकही नोंद चूक नव्हती. जे नव्हतं ते मला तेव्हा दिसलं. आमच्याकडे मंडईच्या कबड्डीत पाहुणा बोलावतात. ज्या गावाचे पकडवाले भक्कम, ते गाव बाहेरून एक रेडर आणतं, त्याला कोंबडीचं जेवण घालतं, परतीला सोडून देतं. कच्च्या गावाच्या आमंत्रणाला चांगला रेडर जात नाही. निकेश नऊही सामन्यांत पाहुणा होता. तो मेला की एक-दोन चढायांत ते गाव समोरच्याला धरून त्याला जितं करत होतं. मी त्याचे गुण मोजले होते. त्याला परत आत कोण आणत होतं, यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. आमच्या भागातल्या कोणत्याही मंडईत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण मी सत्तावीस वर्षं पाहुण्यांच्याच बातम्या छापल्या होत्या.

भरतीच्या दिवशी मी गडचिरोलीला गेलो. आत सोडत नाहीत. मैदानाच्या जाळीबाहेर नातेवाईक उभे असतात, त्यांच्यात मंदाबाई होती. सोळाशे मीटर म्हणजे चार फेऱ्या. निकेश पहिली फेरी मधल्या घोळक्यात होता. दुसऱ्या फेरीत मागे पडला. तिसऱ्या फेरीच्या वळणावर थांबला, दोन पावलं लंगडत चालला, पुन्हा धावायला गेला आणि बसला. कोणीतरी त्याला बाजूला केलं, कारण मागून पुढचे येत होते. मंदाबाईने जाळी धरली होती ती सोडली. “पट्टी सुटली असन,” ती म्हणाली.

पुढच्या हंगामाआधी मूल पुन्हा तळाला होतं. दिवाकरभाऊंनी मला विचारलं. मी कोपरा घ्या म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि अहेरीकडचा अठरा वर्षांचा एक रेडर घेतला. निकेशबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, ते खरं होतं. त्यांच्या दृष्टीने त्या पोराचं नशीब फिरलं होतं. बोरकुटे सरांनी त्या वर्षी संघ सोडला. कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

निकेशची शस्त्रक्रिया राहून गेली, भरतीनंतर तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. पायरी उतरताना गुडघा निसटायचा. डोंग्यात उभं राहून जाळं फेकता येईना. माघ संपताना त्यांच्या गावातून तेलंगणात मिरची तोडायला जीप जाते, त्यात मायलेक निघाले. मी निरोप द्यायला गेलो होतो. त्याला तोडणी जमणार नव्हती, गोण्या शिवायचं काम बोलून ठेवलं होतं. जीप सुरू व्हायच्या आधी मंदाबाई माझ्याजवळ आली. त्याचं भरतीचं वय अजून उरलं आहे का, हे तिने विचारलं. उरलं होतं. मी सांगितलं.

“मंग नव्या भरतीची जाहिरात निघाली का फोन करजा. तिकडं आपला पेपर येत नाई. तुमाले आधी समजते.”

मी करतो म्हणालो.

जाहिरात मार्चमध्ये निघाली. मी सकाळीच फोन लावला. निकेशने उचलला. मागे बायकांचा आवाज येत होता, कोणीतरी खोकत होतं. मी जागा, शेवटची तारीख, वयाची अट, सगळं वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“धावणं तेवढंच आहे का?”

तेवढंच होतं.

 तो आवाज खाली आणून म्हणाला, “भाऊ, आई येऊन राह्यली. तिले सांगजा, अजून निघाली नाई.”

फोन तिच्या हातात गेला. तिने आधी माझी तब्येत विचारली, मग जाहिरातीचं.

“नाही बाई,” मी म्हणालो. “अजून निघाली नाही.”